टिंबाआधीची अक्षरे

सातारा, शके १८९६

कार्तिक शु. ३

अक्षरे निर्माण होण्यापूर्वी जो होता आणि अक्षरे पुसली गेल्यावर जो उरेल, त्याच्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करतो. औंधच्या डोंगरावरील आई यमाई, तुझी दृष्टी या घरावर असू दे. क्रोधात लिहीत आहे. लेखणी तेवढी सांभाळ.

वासुदेवाचे पाकीट आज आले. आत तिचे पत्र. चार पृष्ठे, मुंगीएवढी अक्षरे, समाससुद्धा सोडलेला नाही. सोबत आमच्या चिरंजीवांनी स्वहस्ते केलेला मराठी सारांश. ओळी सात. 'ती आपणां उभयतांस नमस्कार सांगते. थंडी फार आहे. तिची आई बरी आहे. प्रकृती ठीक.' चार पृष्ठांच्या सात ओळी!

चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. प्रत्येक वर्गाला एकच सांगत आलो की टीकाकारावर विसंबू नका, मूळ पाहा. पोटच्या पोराने बापाला मुळाऐवजी सात ओळींची टीका पाठवावी, आणि बापाने ती प्रमाण मानावी?

ही म्हणाली, "काय लिहिलंय सूनबाईनं?"

"थंडी आहे."

"चार पानं थंडीच?"

'सूनबाई' हा शब्द मला रुचत नाही, हे हिला ठाऊक आहे.

कार्तिक शु. ४

काल राग आवरला नाही म्हणून क्रमाने लिहिले नाही. आज लिहितो.

वा. जहाजावर इंजिनियर. लेनिनग्राडला शिकावयास गेला तेव्हा लोणंदपर्यंत आगगाडीने पोचवावयास गेलो होतो. चार वर्षांपूर्वी तिकडेच विवाह केला आणि आम्हांस मागाहून कार्डाने कळविले. विवाह कोणत्या विधीने, तर कचेरीत सही करून. मुलगी एस्तोनियन. रशियाच्या वायव्येस समुद्रकाठी यांचा लहानसा मुलूख आहे, भाषा अगदी निराळी. ताल्लिन या बंदराच्या गावी ती आपल्या आईकडे राहते. इकडे येण्याचा परवाना मिळत नाही. वा. वर्षातील आठ महिने पाण्यावर. घरी असतो तेव्हा तिच्या पत्राला आपला सारांश जोडतो.

येथून जाणाऱ्या पत्रांत मी तिचा उल्लेख केलेला नाही. अग्नी साक्षी नाही, सप्तपदी नाही. काय म्हणून उल्लेख करावा?

परंतु मूळ ते मूळ. भाद्रपदात अशाच एका सारांशावर संतापून वा.कडून एस्तोनियन-इंग्रजी कोश व एक बालवाचनाचे पुस्तक मागविले होते. त्याच्या मुंबईच्या मित्राने एस.टी.च्या पार्सलने पाठविले. कपाटात पडून होते, ते काढले.

कार्तिक शु. ९

सात विभक्तींचा आम्हांस अभिमान. यांच्या चौदा. सोसले. 'तो' आणि 'ती' यांस एकच शब्द. तेही सोसले. परंतु ही लघुरूपे!

पूर्ण शब्द कोशात सापडतो. अर्धा कापून पुढे टिंब ठेवलेला शब्द मनुष्याने कोठे शोधावा? jne. पहिल्या पृष्ठावर तीनदा. s.t. दोनदा. u. एकच स्वर, पुढे टिंब! कोशाच्या आरंभी लघुरूपांची यादी आहे म्हणून हर्ष झाला. पाहतो तो नाम, सर्वनाम, क्रियापद यांचीच. माणूस माणसाला पत्र लिहिताना जे कापतो त्यांतले एकही नाही. कोश करणाराने आयुष्यात कोणाला पत्र लिहिले नसावे.

एक ओळ अर्धा दिवस चालली. तिच्यात सात शब्द आणि तीन टिंबे.

कार्तिक शु. ११

वही केली. जुनी हस्तलिखिते जुळविण्याची जी रीत तीच येथे लावली. लघुरूप, ते कोठे आले, मागे काय, पुढे काय, मग संभाव्य अर्थ. आधी पेन्सिलीने. खात्री झाली की शाईने.

एकादशी. फराळ करतानाही हिने विचारले, "सापडलं काही?" अन्न समोर असता बोलत नाही, हे निमित्त बरे सापडले.

कार्तिक व. ५

jne. शाईने. 'बटाटे, पीठ, मीठ jne.' पदार्थांच्या यादीच्या शेपटीलाच येते. आमचे 'इत्यादि'.

u. शाईने. नेहमी अंकाच्या आधी. 'सुमारे'.

kl. हेही अंकाआधी, परंतु वेळ सांगताना. s.t. म्हणजे 'म्हणजे'. vt. म्हणजे 'पाहा'. k.a. चालू वर्षी, m.a. गतवर्षी. ही दोन तिच्या चार जुन्या पत्रांतील तारखा जुळवून लागली. sünd. म्हणजे 'जन्म'. वाचनपुस्तकातील प्रत्येक थोर पुरुषाची माहिती त्यानेच सुरू होते.

Lp. प्रत्येक पत्राच्या अगदी आरंभी. वाचनपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत lk. म्हणजे पृष्ठ असे लागते. हे त्याचेच रूप असणार. पृष्ठ पहिले. शाईने.

सूत्रात अर्धी मात्रा वाचविता आली तर पुत्रजन्माएवढा आनंद मानणारे वैयाकरण आमच्याकडे होऊन गेले, असे म्हणतात. आज तो आनंद थोडा समजला. लगेच रागही आला. पुत्र झाला त्याचे पुढे काय झाले, ते वैयाकरणांनी सांगितलेले नाही.

कार्तिक व. १०

शेजारचे सुभेदार आले. फौजेत सिग्नलमध्ये होते. वही उलटसुलट करून पाहिली.

"आवं शास्त्रीबुवा, ह्या वयात ही कसली परेड लावलीया?"

मी म्हणालो, या लोकांना शब्द पुरा लिहिण्याचा आळस आहे.

हसले. "आणि आमच्या व्याह्यास्नी कार्ड लिवून देता तवा वर 'सा. न. वि. वि.' घालता, त्यो कुणाचा आळस? तीस वरसं बघतुया. दुसरा 'वि.' कशाचा, ह्ये मला अजून ठावं न्हाई."

विनंती विशेष, असे सांगितले.

"विशेष काय आसतंय त्यात?"

काही नसते, असे सांगावे लागले. नंतर म्हणाले, "फौजेत समदं अक्षरांत. माणूस पडला तरी दोन अक्षरं, जखमी झाला तरी दोन. एक चुकलं तर हितं रडारड आन् तिथं पेढं. म्हणून आमाला शिकवलं, अक्षर दोनदा वाचायचं, मग त्वांड उघडायचं."

शहाणपण आहे, परंतु चेष्टा करण्याची ती वेळ नव्हती.

मार्गशीर्ष शु. १५

तिच्या पत्राचे दीड पृष्ठ झाले. पहिल्या पृष्ठावर खरोखरच थंडी आहे. हे हिला सांगितले नाही.

वा.स आज पत्र. 'चि. वासुदेव यास अ. उ. आ.' पासून नेहमीप्रमाणे. पाकीट चिकटविताना हिने विचारले, "तिला काही लिहिलंत?"

"जागा उरली नाही."

"अहो, खाली चार बोटं कोरं आहे."

चिकटविले.

पौष व. ६, सांगली

ती. अण्णांच्या वर्षश्राद्धास आलो. थोरल्या भावाला जाऊन वर्ष झाले. गेल्या वर्षी याच घरातून मी स्वहस्ते सर्व नातेवाइकांस कार्डे लिहिली होती. वर 'श्री' नाही, आणि प्रत्येकाचा एक कोपरा कात्रीने कापलेला. असे कार्ड पाहिले की घेणाऱ्याने समजावे, उंबऱ्याबाहेर वाचावे, फाडावे आणि स्नान करावे. वा.सही त्याच्या ताल्लिनच्या पत्त्यावर एक पाठविले होते.

जेवणे आटोपल्यावर वहिनींनी बोलाविले. वाळवणाची हळद निवडीत बसल्या होत्या. मी वहीबद्दल सांगितले. वाटले, कौतुक करतील.

"भावजी, म्हणजे ती घरात नको, आणि तिची भाषा तेवढी घरात?"

मी शास्त्र सांगू लागलो. विवाह विधिपूर्वक नसता 'सौ.' हे उपपद कोणत्या आधारे लावावे, वगैरे.

त्यांनी पुरे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हे गेले त्यानंतर महिन्याभरात तुमचं पत्र आलं मला. वर 'ग. भा.' होतं. छत्तीस वर्षांचं 'सौ.' तुम्ही एका टाकात काढलंत. तेव्हा तुमचा हात अडला नाही. आणि तिच्या नावामागं एक अक्षर घालायचं तर सगळं शास्त्र आडवं येतं?"

रूढीप्रमाणे लिहिले, असे म्हणालो.

"हो ना. मी कुठं म्हणते चुकलं म्हणून? शुद्धलेखन तुमचं नेहमीच छान."

उठलो. मोठ्या भावजय, आणि श्राद्धाचा दिवस. परतीच्या गाडीत कराडपर्यंत मनात उत्तरे जुळवीत होतो. एकही धड जुळले नाही.

निघताना त्यांनी हळदीची पुडी दिली. "घरात शुभ पत्र लिहायचा योग आला तर."

माघ शु. ६

तिसरे पृष्ठ.

मधोमध, त्या परक्या अक्षरांच्या गर्दीत, 'चि.' आहे. नागरी. माझेच वळण, 'च'ची गाठ मी मारतो तशी. वेलांटी आधी काढून मग अक्षर काढलेले दिसते, आणि टिंब फार मोठे. चित्र काढावे तसे काढले आहे.

त्याभोवतीच्या बारा ओळींना चार दिवस लागले. भाषांतर येथे उतरवितो.

'वासुदेवच्या नावाआधी ही खूण असते. त्याच्या आईच्या नावाआधी दुसरी असते. आमच्याकडेही टिंब लावून तोडलेले शब्द आहेत, म्हणून मला वाटते की यांना अर्थ असणार. मी त्याला विचारले. तो म्हणाला, सवयीचे अक्षर आहे, अर्थ काही नाही. अर्थ नसेल तर तुम्ही दर वेळी का लिहिता? माझ्या नावाआधी कोणते येते? माझे नाव नागरीत मला ओळखता येते, त्याने शिकविले आहे. तुमची सर्व पत्रे मी पाहिली. ते कोठे सापडले नाही.'

वा.च्या सात ओळींत यांतील अक्षरही नाही.

सवयीचे अक्षर! चिरंजीव या शब्दाला अर्थ काही नाही! एकवीस वर्षे ज्याच्याकडून ताटावर बसताना मी श्लोक म्हणवून घेतले तो हे सांगतो! हा आशीर्वाद आहे, मूर्खा. तुझ्या आयुष्यासाठी दर पत्राच्या डोक्यावर तो मी लिहितो आणि तू त्याला सवय म्हणतोस.

संध्येत चित्त नाही. दोनदा आचमन चुकले.

माघ शु. ७

हिला वाचून दाखविले. ही म्हणाली, "नाव काय लिहिलंय तिनं शेवटी?"

"हेल्वे."

"चार वर्षांत तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं."

माघ शु. १३

वाचनपुस्तकाच्या शेवटच्या पाठात पत्राचा नमुना निघाला. Lp. म्हणजे पृष्ठ नव्हे. तेथे पूर्ण शब्द दिला आहे. मान्यवर, आदरणीय. आमचे 'ती.', आमचे 'रा. रा.'.

चार वर्षे ती प्रत्येक पत्र 'तीर्थरूप' म्हणून आरंभीत होती आणि मी त्यावर 'पृष्ठ पहिले' असे लिहून मोकळा झालो. तेही शाईने. खोडले. खोडलेले दिसत राहील, दिसू दे.

माघ व. ८

चौथे पृष्ठ पुरे. शेवटून तिसरी ओळ, 'मार्चमध्ये आम्ही तिघे होऊ.'

यालाच वा.ने 'प्रकृती ठीक' असे म्हटले.

ही देवघरासमोर बसली होती, तेथेच सांगितले. प्रथम हसली, मग माझ्यापेक्षाही भडकली. "सात ओळींत एवढं मावलं नाही त्याच्या? येऊ दे घरी!" मग ट्रंकेतून जुनी मऊ लुगडी काढून दुपट्याला बसली. कोणाच्या हाती पाठवणार, हे दोघांनीही विचारले नाही.

वा.स जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर कडक पत्र. तिला लिहिले नाही. पाट मांडला होता. 'चि.' वर टाक टेकला, पुढे 'सौ.' पाशी थांबलो. अग्नी, सप्तपदी. तेच ते. कागद घडी करून ठेवला.

फाल्गुन शु. १४

वा.चे उत्तर नाही. सात आठवडे त्याचे अक्षर नाही. मार्च सरत आला. ही रोज पोस्टमनाच्या वेळेस ओसरीवर बसते. तिच्यावर उगीच ओरडलो.

फाल्गुन व. ९

घडले तसे लिहितो.

सकाळी पूजेत होतो. अंगणातून सुभेदारांची हाक आली, नेहमीची नव्हे. "शास्त्रीबुवा. जरा भायेर या." बाहेर आलो. पोस्टमन पायरीखालीच उभा. वर येईना. हातात कार्ड, चिमटीत धरलेले, अंगापासून दूर.

सुभेदार म्हणाले, "परदेशी तिकिट हाय. आन् कार्डाला कोपरा न्हाई."

वरचा उजवा कोपरा कात्रीने सरळ कापलेला. अक्षर हेल्वेचे.

तिने स्वतः लिहिले, म्हणजे ती आहे. मग कोण नाही? वा. समुद्रावर. मूल मार्चमधले. दोघांपैकी एक, की दोघेही.

ही मागून आलीच होती. कोपरा पाहिला आणि तुळशीपाशी बसली. दुपट्याची सुई हातातच होती, ती जमिनीत टोचीत राहिली.

मी पोस्टमनावर तुटून पडलो. तुझ्या पिशवीत फाटले असेल, दुसऱ्या कोणाचे असेल, असे काय काय बोललो. तो बिचारा म्हणाला, "आवं गुरुजी, ह्ये फाटलेलं न्हाई, कापलेलं हाय. आमाला कळतंय न्हवं."

कार्ड घरात न्यावयाचे नाही. वही घरात. मी उंबऱ्याबाहेर. हिला उठवेना. अखेर सुभेदारांस म्हणालो, कपाटातील निळी वही आणा. पायताणे काढून आत गेले. आणली, माझ्या हाती दिली, पण कार्ड स्वतःकडे घेतले.

"तुमी आत्ता वाचाल ते चुकीचं वाचाल. कार्ड मी वाचतो. मी अक्षरं सांगतो, तुमी वहीत बघा. फौजेत असंच करतुया आमी. घाई न्हाई करायची."

ते चष्मा लावीत होते. कार्डावरच्या पाच ओळी आणि त्यांचा चष्मा यांमधील त्या क्षणी एक विचार आला. तो येथे लिहिल्यावाचून ही रोजनिशी खोटी ठरेल. वा. गेला असेल तर मला तिला पत्र लिहावे लागेल. पहिले पत्र. आणि तिच्या नावाआधी मी जी अक्षरे प्रथम घालीन ती 'ग. भा.' असतील. चार वर्षे सौभाग्याचे एक अक्षर दिले नाही, आणि वैधव्याची दोन रूढीप्रमाणे एका टाकात देईन. वहिनी म्हणाल्या तसा हातही अडणार नाही.

अग्नी आठवला नाही. सप्तपदी आठवली नाही.

सुभेदार वाचू लागले. "पी, ओ, ई, जी. पॉइंट."

हा शब्द वहीत पाहावा लागला नाही. वाचनपुस्तकाच्या पहिल्या धड्यातला. मुलगा.

"मुलगा," मी म्हणालो. हिने मान वर केली. आमचा मुलगा की तिचा?

"पुढं. एस. मग यू, डोक्यावर दोन टिकल्या. एन, डी, पॉइंट."

मी वही उघडलीच नव्हती. सुभेदार डाफरले, "शास्त्रीबुवा, वहीत बघा! दोनदा वाचायचं!" पाहिले. शाईने होते. जन्म.

"तेरा. मग तीन रेघा. के पॉइंट ए पॉइंट."

तीन रेघा म्हणजे तिसरा महिना, मार्च. चालू वर्षी.

"के एल पॉइंट, पाच."

पाच वाजता.

"यू पॉइंट, साडेतीन के जी."

"सुमारे!" हे मी फार मोठ्याने ओरडलो असे ही म्हणते. "सुमारे साडेतीन किलो!"

पुढच्या शब्दांना कोश लागला. आई व बाळ निरोगी. वासुदेव अठ्ठावीस तारखेला बंदरात येणार, तसे जहाजाकडून कळले.

पोस्टमन अजून तेथेच होता. म्हणाला, "मग कोपरा कुणी खाल्ला वो?" सुभेदार हसता हसता डोळे पुसू लागले. ही उठली आणि मला म्हणाली, "आधी आंघोळ करा." वस्त्रांसह विहिरीवर गेलो. मृत्यू ऐकून जे स्नान तेच पुत्रपौत्रांचा जन्म ऐकूनही. तीन आठवडे होऊन गेले, सोयर उरले नाही. स्नान तेवढे उरले होते.

पाणी अंगावर घेतले आणि पुन्हा संताप चढला. कोपरा कोणी कापला? माझ्या घराशी असला क्रूर विनोद कोणी केला?

फाल्गुन व. १०

कार्डाची शेवटची ओळ काल घाईत राहिली होती. तिच्यात दोन लघुरूपे, दोन्ही शाईने लिहिलेली. vt. आणि m.a.

'कोपरा तुमच्या रीतीप्रमाणे कापला आहे. पाहा तुमचे गतवर्षीचे जानेवारीतील कार्ड.'

अण्णांच्या निधनाचे कार्ड. वा. तेव्हा समुद्रावर होता. ते हेल्वेच्या हाती पडले. वाचता येत नव्हते. एवढे मात्र तिने पाहिले की सासऱ्यांनी प्रथमच पत्राचा कोपरा नीट कापून पाठविला. मोठ्या वार्तेला या घरात असे करतात, असा तिने अर्थ लावला. मी तिची लघुरूपे लावली तशाच रीतीने, मागचे पुढचे पाहून. आणि मोठी वार्ता आली तेव्हा मान म्हणून तिने कात्री घेतली.

वा.ने आल्यावर सांगितले असेल की काका वारले. कोपऱ्याचे सांगितले नसेल. सवयीचे आहे, अर्थ काही नाही!

त्याच्यावर रागावून दोन पृष्ठे लिहिली. मग थांबलो. तिने विचारले होते. मला विचारले होते, लेखी, माघापासून ते माझ्यासमोर होते. मी उत्तर दिले असते तर तिने दुसरेही विचारले असते. शिक्षकाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला, आणि शिक्षक जागा नाही म्हणाला.

दोन पृष्ठे फाडली.

फाल्गुन व. १२

सुभेदारांनी सर्व आळीत सांगितले. देवळात एक जण म्हणाला, "शास्त्रीबुवा, नातू झाला म्हणे. गोत्र कोणतं लावणार?" मी म्हणालो, माझे. अन्य काही सुचलेच नाही. त्याचा चेहरा पाहून बरे वाटले, हेही कबूल करतो.

पुतण्याचे सांगलीहून पत्र. विवाह पुन्हा वैदिक विधीने झाल्याखेरीज आमच्याकडील मंडळी मान्य करणार नाहीत, असा सूर. खाली त्याच पत्रात वहिनींच्या हाताने एक ओळ : 'हळद पुरली का?'

चैत्र शु. १, शके १८९७. पाडवा

गुढी उभारली. पंचांगपूजन. कडुनिंब.

पाट मांडून तिला पत्र लिहिले. माझ्या आयुष्यात प्रथमच लघुरूप न करता. तोडलेल्या अक्षरांनी तिला पुष्कळ चकविले आहे.

'चिरंजीव सौभाग्यवती हेल्वे हिस अनेक उत्तम आशीर्वाद.'

शाईने. त्याखाली तिच्या भाषेत, चौदा विभक्तींची जेवढी ओढाताण झेपली तेवढी करून, दोन्ही शब्दांचा अर्थ लिहिला. चिरंजीव, दीर्घकाळ जगो. बाळासाठीही तेच. सौभाग्यवती याला कोशात शब्द नाही. 'जिचा पती जिवंत आहे आणि असावा अशी आमची प्रार्थना आहे ती', असे सात शब्दांत लिहिले. शास्त्राचा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. तो माझा आहे, माझ्याकडे राहील. तिला त्याचा भार कशाला?

कोपऱ्याचे राहिले.

ही म्हणते, सांगा. "नाही सांगितलंत तर दुसऱ्या लेकराला पुन्हा कापील. माझ्यात आता तेवढा जीव नाही."

खरे आहे. परंतु सांगावे कसे? ज्या हाताने बाळाची वार्ता लिहिली त्याच हाताने तू मृत्यूची खूण केलीस, असे बाळंतिणीला सांगावयाचे? सौम्य शब्द कोशात शोधला. तीन सापडले. तिन्ही थंड आहेत. मराठीतही मजजवळ नाही. त्या जागी अर्धी ओळ कोरी सोडली आहे. चार बोटांहून कमी.

वा.चेही अजून काही नाही. अठ्ठावीस तारखेला बंदरात येणार होता. आला असेल. आला असावा.

ही हळद-कुंकवाची वाटी घेऊन आली. सांगलीची हळद. पत्राच्या चारही कोपऱ्यांना बोट लावले, एकेक, सावकाश. म्हणाली, "एवढं तरी कळेल तिला. कोपरे चार असतात म्हणून."

पाकीट अजून उघडे आहे. उद्या पोस्टमन येईपर्यंत ती अर्धी ओळ भरेल किंवा न भरेल.

हे कोणी पुढेमागे वाचील तर त्यास या वृद्धाचा आशीर्वाद. त्याच्या दारी येणारे प्रत्येक पत्र चारही कोपऱ्यांनी अखंड येवो, आणि त्यात त्याचे नाव त्याला सापडो.